दरजा वाचायला शिका: बार्टनचं सेंट पीटर चर्च

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर हंबरची रुंद खाडी आत शिरते. तिच्या दक्षिण काठावर, लिंकनशरच्या उत्तर टोकाला, बार्टन-अपॉन-हंबर हे छोटं गाव आहे. १९८१ साली खाडीवरचा मोठा झुलता पूल खुला झाला. तेव्हापासून गाव पुलासाठीच ओळखलं जातं, आणि पूल उतरलेल्या गाड्या न थांबता पुढे निघून जातात. गावाच्या जुन्या भागात तळ्याजवळ सेंट पीटर चर्च उभं आहे. मध्ययुगीन इंग्लिश पॅरिश चर्च कसं वाढत गेलं हे एकाच इमारतीत बघायचं असेल, तर माझ्या मते याच्याइतकं चांगलं ठिकाण दुसरं नाही. ते सर्वांत मोठं नाही आणि सर्वांत देखणं तर मुळीच नाही. पण त्याच्या भिंतींमधले जोड अजून वाचता येतात.

पॅरिश चर्च म्हणजे एका गावाचं किंवा वस्तीचं चर्च. बिशपचं आसन असलेलं कॅथीड्रल वेगळं आणि मठाचं चर्च वेगळं. कॅथीड्रलला पैसा असतो, आराखडा असतो, नाव माहीत असलेले मुख्य गवंडी असतात. पॅरिश चर्च मात्र पिढ्यान् पिढ्या तुकड्यातुकड्यांनी बांधलं जातं. एखाद्या व्यापाऱ्याने पैसे दिले की एक बाजू वाढते, लोकर महागली की मनोरा उंच होतो, प्लेग आला की काम बंद पडतं. म्हणून ‘हे चर्च कोणत्या शतकातलं?’ हा प्रश्नच चुकीचा ठरतो. ‘ही भिंत कोणत्या शतकातली, आणि ती शेजारच्या भिंतीच्या आधीची की नंतरची?’ असं विचारावं लागतं.

पर्यटकांच्या पुस्तिका सोपा नियम देतात. गोल कमान दिसली तर नॉर्मन, टोकदार दिसली तर गॉथिक. तो नियम पूर्ण चूक नाही, पण नुसत्या शैलीवर विसंबलं तर फसगत ठरलेली. मुंबईत कुलाब्याचं अफगाण चर्च बघा. उंच मनोरा, अरुंद टोकदार खिडक्या, सगळी ठेवण तेराव्या शतकातल्या इंग्लिश चर्चची. प्रत्यक्षात ते पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्यांच्या स्मरणार्थ बांधलं गेलं आणि त्याचा अभिषेक झाला १८५८ साली. इंग्लंडमध्ये त्याच काळात हजारो जुन्या चर्चना ‘मूळ’ रूप देण्याच्या नावाखाली नव्या जुनाट खिडक्या बसवल्या गेल्या. शैलीची नक्कल कुणालाही करता येते. दोन भिंती जिथे भेटतात तिथली दरज मात्र खोटं बोलत नाही. तिथे कोण आधी आणि कोण नंतर हे दगडच सांगतात.

इंग्लिश वास्तुइतिहासाला हे पहिल्यांदा नीट कळलं ते बार्टनच्या मनोऱ्यामुळे. टॉमस रिकमन या माणसाने १८१७ साली छापलेल्या पुस्तकात मध्ययुगीन इंग्लिश शैलींना जी नावं दिली, ती आजही चालतात: नॉर्मन, अर्ली इंग्लिश, डेकोरेटेड आणि पर्पेंडिक्युलर. ढोबळ मानाने पहिली १०६६ ते ११९०, दुसरी १३०० च्या आसपासपर्यंत, तिसरी चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आणि चौथी सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत. पण १०६६ च्या आधी, म्हणजे नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकण्याच्या आधी, अँग्लो-सॅक्सन लोकांनी दगडात काय बांधलं होतं? तोवर कुठल्याही गोल कमानीला सैलपणे ‘सॅक्सन’ म्हणायची पद्धत होती, आणि खरं सॅक्सन काम ओळखायची कसोटी कुणाकडे नव्हती.

बार्टनच्या मनोऱ्याचे खालचे तीन टप्पे एका पद्धतीचे आहेत आणि सर्वांत वरचा चौथा टप्पा वेगळाच आहे. चौथ्यावर दगडी पट्ट्यांची नक्षी नाही, आणि त्याची घडण सुरुवातीच्या नॉर्मन कामाशी जुळते. आता वरचा टप्पा खालच्याच्या आधी बांधला जाऊ शकत नाही. वरचा अकराव्या शतकाच्या उत्तरार्धाचा, तर खालचा त्याहून जुना, म्हणजे सॅक्सन. रिकमनचा तर्क एवढाच होता. मग त्या खालच्या टप्प्यांवर जी लक्षणं दिसतात ती इतरत्र कुठे दिसतात हे शोधणं शक्य झालं आणि सॅक्सन चर्चची यादी तयार होऊ लागली. सारा युक्तिवाद दोन टप्प्यांमधल्या एका आडव्या दरजेवर उभा आहे.

ही लक्षणं बारकाईने बघण्यासारखी आहेत. मनोऱ्याची भिंत डबराची, म्हणजे ओबडधोबड दगड चुन्यात बसवून केलेली. तिच्या बाहेरच्या अंगावर घडीव दगडाच्या अरुंद उभ्या पट्ट्या किंचित पुढे आलेल्या दिसतात. खालच्या टप्प्यात या पट्ट्या वर जाऊन गोल कमानींनी जोडलेल्या आहेत. त्याच्या वरच्या ओळीत कमानींच्या जागी दोन तिरपे दगड टेकवून केलेले त्रिकोण आहेत. आणि वरच्या ओळीच्या पट्ट्या खालच्या पट्ट्यांच्या रेषेत येत नाहीत, त्या खालच्या कमानींच्या माथ्यावरून उगवतात. भार पेलणारा खांब कुणी कमानीच्या टोकावर उभा करत नाही. म्हणून पट्ट्या भिंतीला आधार देतात हे म्हणणं मला पटत नाही. लाकडी बांधकामाची सवय असलेल्या लोकांनी दगडात लाकडाचा सांगाडा रंगवला, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. त्याला एक व्यवहारी जोडही देता येते. मधल्या डबराला गिलावा केला की तो पट्ट्यांच्या कडेला येऊन थांबतो, त्यामुळे पट्टी गिलाव्याची सीमाही होते. आज उघडा दगड बघून आपण जो खडबडीत मनोरा डोळ्यांत साठवतो, तो बांधणाऱ्यांच्या मनातला नव्हेच.

कोपऱ्याचे दगडही ओळखीचे. एक लांब दगड उभा, त्यावर एक सपाट दगड आडवा, पुन्हा उभा, पुन्हा आडवा. आडवा दगड भिंतीत खोल शिरून पकड धरतो आणि उभा उंची भरून काढतो. असे आडवे-उभे कोपरे नॉर्मन गवंडी करत नाहीत. ते साधारण एकाच उंचीचे चिरे थरात लावतात. तिसरं लक्षण खिडक्यांचं. दोन छोट्या खिडक्या जोडीने, आणि त्यांच्या मधोमध भिंतीच्या जाडीच्या मध्यावर एकच दगडी दांडा, लेथवर कातलेल्या पाळण्याच्या पायासारखा फुगीर. बार्टनला एका टप्प्यात या जोडखिडक्यांचे माथे त्रिकोणी आहेत आणि दुसऱ्या एका टप्प्यात गोल. दारांतही हाच फरक: दक्षिणेचं गोल कमानीचं, उत्तरेचं त्रिकोणी माथ्याचं.

भिंतीची जाडी मोजायला विसरू नका. दाराच्या चौकटीत टेप धरला की काम होतं. सॅक्सन भिंती सहसा तीन फुटांच्या आत असतात, नॉर्मन भिंती त्याहून जाड. हा काही कायदा नाही, पण शंका असेल तेव्हा पारडं एका बाजूला झुकवायला उपयोगी पडतो. टाकीच्या खुणाही तपासा. बाराव्या शतकाच्या बऱ्याच भागापर्यंत दगड कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासत, त्यामुळे घडीव पृष्ठावर तिरप्या रेघा उमटतात. पुढे रुंद छिन्नी रूढ झाली आणि रेघा सरळ व बारीक झाल्या. दगडावर अगदी एकसारख्या, यंत्राने ओढल्यासारख्या रेघा दिसल्या तर तो बहुधा एकोणिसाव्या शतकात बदललेला आहे.

आता आत जा. मनोऱ्याखाली उभं राहिलं की वाटतं, हे प्रवेशाचं दालन आणि मुख्य चर्च पुढे पूर्वेला आहे. आज तसंच आहे, पण मूळ चर्चमध्ये ही मनोऱ्याखालची जागाच लोकांनी उभं राहायची जागा होती. आपल्या शब्दांत सांगायचं तर सभामंडप मनोऱ्याच्या पोटात होता. पश्चिमेला एक छोटी खोली, ती आजही आहे, गोल खिडक्यांसकट. ती बाप्तिस्म्याची खोली मानली जाते. पूर्वेला तशीच छोटी खोली होती वेदीसाठी. तीन खोल्यांची रांग, मधली उंच, दोन्ही बाजूंच्या ठेंगण्या. दहाव्या शतकाच्या अखेरीला किंवा अकराव्याच्या सुरुवातीला उभं राहिलेलं चर्च एवढंच होतं. किती माणसं मावत असतील याचा अंदाज तिथे उभं राहिल्यावर लगेच येतो: दाटीवाटीने थोडीच. पूर्वेच्या खोलीकडे उघडणारी कमान अजून जागेवर आहे आणि तिच्या वर दगडात कोरलेला एक चेहरा आहे.

नॉर्मन काळात गावाची मालकी गिल्बर्ट द गँट या सरदाराकडे होती. १०८६ च्या डूम्सडे नोंदीत, म्हणजे राजाने करवून घेतलेल्या जमीन-मालमत्तेच्या पाहणीत, बार्टनला चर्च, पाद्री, बाजार आणि खाडी ओलांडायची नावेची उतारवाट असल्याचं नमूद आहे. बाजार आणि उतारवाट म्हणजे रोख उत्पन्न, आणि चर्च का वाढलं याचं उत्तर तिथेच मिळतं. गिल्बर्टने हे चर्च बार्डनीच्या मठाला दिलं. पुढे पूर्वेची जुनी खोली पाडली गेली आणि मनोऱ्याच्या पूर्वेला नवा, लांब सभामंडप उभा राहिला. त्यामुळे जो मनोरा चर्चचा मध्य होता तो पश्चिमेचा मनोरा झाला. हलला काहीच नाही, बाकीचं सगळं त्याच्या भोवती सरकलं. पाडलेल्या खोलीचा पाया सभामंडपाच्या फरशीखाली उत्खननात सापडला.

नंतरची वाढ तेराव्या-चौदाव्या शतकातली. सभामंडपाच्या दोन्ही अंगांना पडव्या जोडल्या गेल्या आणि मध्ये कमानींच्या रांगा आल्या. हे काम इंग्लंडभर शेकडो गावांत झालं. त्याची पद्धत समजली की वाचन फार सोपं होतं, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

पडवी जोडायची म्हणजे बाहेरची भिंत आणि छप्पर आधी बांधून घ्यायचं. जुनी भिंत तोवर शाबूत, आत प्रार्थना सुरू. मग जुन्या भिंतीत भोकं पाडून आरपार तुळया घालायच्या आणि त्यांच्या दोन्ही टोकांना टेकू द्यायचे. वरची भिंत अशी पेलून धरली की खालून थोडी-थोडी फोडायची, एक खांब उभा करायचा, मग दुसरा, आणि त्यांच्यामध्ये कमान बसवायची. कमान चावी-दगडाने, म्हणजे माथ्यावरच्या शेवटच्या दगडाने, बंद झाली, चुना पकडला, की उरलेली खालची भिंत काढून टाकायची. म्हणजेच कमानींच्या वरची भिंत बऱ्याचदा कमानींहून जुनी असते. ‘वरचं ते नंतरचं’ हा नियम इथे उलटा होतो, आणि नवशिके नेमके इथेच चुकतात. ओळखायचं कसं? कमानींच्या वर, दोन कमानींमधल्या त्रिकोणात, एखादी छोटी बुजवलेली खिडकी शोधा. कमानीने तिचा खालचा भाग कापला असेल तर निकाल लागला. नॉर्थॅम्प्टनशरमधल्या गेडिंग्टनच्या चर्चमध्ये तर पडवीत उभं राहून वर पाहिलं की सॅक्सन काळातली त्रिकोणी पट्ट्यांची नक्षी दिसते. जी भिंत आज आतली आहे ती कधीकाळी बाहेर पाऊस खात होती याचा तो पुरावा.

उलटा प्रकारही असतो. त्याच परगण्यातल्या ब्रिक्सवर्थला मोठ्या कमानी रोमन विटा पुन्हा वापरून केलेल्या आहेत, बाजूच्या खोल्या पाडल्या गेल्या आहेत आणि कमानी बुजवून त्यांत खिडक्या बसवल्या आहेत. तिथे कमान जुनी आणि तिच्या पोटातली भिंत नवी. कमानीच्या कडेला सरळ उभी दरज दिसते आणि दोन्ही बाजूंचे थर एकमेकांशी जुळत नाहीत. थर जुळत नसतील तर दोन्ही कामं एका वेळची नाहीत, हे वाक्य पाठ करून ठेवावं.

पडव्या आल्या की मधला भाग अंधारा होतो, कारण खिडक्या दूर जातात. त्यावर उपाय म्हणून पंधराव्या शतकात भिंती आणखी उंच केल्या आणि कमानींच्या वर खिडक्यांची नवी ओळ काढली. बार्टनलाही हा टप्पा आहे. याच काळात उताराची छपरं जाऊन जवळजवळ सपाट छपरं आली, कारण पत्र्यासारखं अंथरलेलं शिसं कमी उतारावरही पाणी धरत नाही, आणि तीव्र उतारावर ते स्वतःच्या वजनाने खाली घसरतं. जुन्या तीव्र छपराची खूण अनेक चर्चमध्ये मनोऱ्याच्या पूर्व अंगावर राहून जाते: उलट्या व्हीच्या आकाराची दगडी कड, जी पूर्वी छप्पर आणि मनोऱ्याच्या सांध्यात पाणी शिरू नये म्हणून होती. आज ती छपराच्या वर, उघड्यावर, काही कारण नसल्यासारखी दिसते. कुठल्याही चर्चला गेलात की पहिल्यांदा ती शोधा.

चौदाव्या शतकाच्या मध्यावर काम एकदम थांबल्याचं पुष्कळ ठिकाणी दिसतं. कारण १३४८-४९ चा प्लेग. हार्टफर्डशरमधल्या ॲशवेलच्या चर्चमध्ये मनोऱ्याच्या आतल्या भिंतीवर कुणीतरी लॅटिनमध्ये त्या साथीची आणि १३६१ च्या प्रचंड वादळाची नोंद खरवडून ठेवली आहे. गवंडी मेले, देणगीदार मेले. नंतर पुन्हा काम सुरू झालं तेव्हा नवी पिढी सरळ रेषांच्या पर्पेंडिक्युलर शैलीत बांधू लागली होती. त्यामुळे एकाच खिडकीत खालचा भाग एका शैलीचा आणि वरचा दुसऱ्या शैलीचा असंही सापडतं.

आणखी एक जोड पैशांचा. पूर्वेचा वेदीचा भाग दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी त्या पॅरिशचं उत्पन्न घेणाऱ्याची होती, मग तो पाद्री असो वा मठ. लोक उभे राहतात त्या भागाचा खर्च लोकांचा. म्हणून भव्य सभामंडपाला चिकटलेला बुटका, जुनाट वेदीभाग दिसला तर समजावं की गावाकडे पैसा होता आणि दूरच्या मठाला खर्च करायची इच्छा नव्हती. १५३० च्या दशकात मठ बंद झाले, त्यांच्या जमिनी खाजगी लोकांकडे गेल्या, आणि जमिनीबरोबर ही जबाबदारीही गेली. ती इतकी चिवट निघाली की ॲस्टन कँटलोच्या चर्चचा वाद २००३ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत, गेला आणि तिथल्या शेतजमिनीच्या मालकांना वेदीभागाच्या दुरुस्तीचा खर्च द्यावा लागला.

आतल्या वस्तूंमध्येही भिंतीतल्या खुणा बघाव्यात. वेदीच्या दक्षिणेला भिंतीत छोटं कोनाड्यासारखं भांडं आणि त्याच्या तळाला भोक असतं. पवित्र भांडी धुतलेलं पाणी त्यातून थेट जमिनीत जायचं. असं कोनाडं पडवीच्या टोकाला दिसलं तर तिथेही पूर्वी एक वेदी होती. सभामंडप आणि वेदीभाग यांच्यामधल्या कमानीजवळ, उंचावर, कुठेच न जाणारं दार दिसतं. ते लाकडी पडद्यावरच्या सज्जाचं दार. त्या सज्जावर क्रूसाची मोठी मूर्ती असायची. मूर्ती १५४० च्या दशकाच्या अखेरीला काढल्या गेल्या, सज्जे काढायचा हुकूम १५६१ साली निघाला, पण भिंतीतला जिना फोडून काढायची तसदी कुणी घेतली नाही. बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडाच्या काठावर तुटलेले किंवा शिशाने भरलेले दोन खळगे असतात. १२३६ साली कँटरबरीच्या आर्चबिशपने कुंडांना झाकण आणि कुलूप लावायचा आदेश दिला होता, पवित्र पाणी जादूटोण्यासाठी चोरीला जाऊ नये म्हणून. खळगे त्या कुलपाच्या कड्यांचे.

भिंती रंगवलेल्या होत्या हे विसरायला होतं, कारण सोळाव्या शतकात त्यांवर चुना फासला गेला. सफोकमधल्या वेनहॅस्टनला वेदीच्या कमानीवर लाकडी फळ्यांवर काढलेलं अंतिम न्यायाचं चित्र होतं. १८९२ साली दुरुस्तीत त्या फळ्या भंगार समजून आवारात टाकल्या. रात्री पाऊस पडला, चुना धुऊन निघाला आणि सकाळी चित्र दिसलं. चुन्याने चित्र झाकलं आणि जपलंही. जुन्या भिंतीवरचा चुना खरवडायला हात उचलणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट सांगायला हवी.

बार्टनकडे परत येऊ. सेंट पीटरपासून हाकेच्या अंतरावर सेंट मेरी हे दुसरं मध्ययुगीन चर्च आहे. एवढ्या गावाला दोन मोठी चर्च सांभाळणं जड गेलं आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सेंट पीटरमधल्या नियमित प्रार्थना थांबल्या. इमारत सरकारी संरक्षणात गेली. वापर थांबल्यामुळे एक दुर्मिळ गोष्ट शक्य झाली: १९७८ ते १९८४ या काळात वॉरिक आणि कर्स्टी रॉडवेल यांनी चर्चच्या आत आणि आवारात सविस्तर उत्खनन केलं आणि उभ्या भिंतींचाही दगडन् दगड अभ्यास केला. चालत्या चर्चमध्ये फरशी उचलायला कोण देणार?

सुमारे २,८०० दफनं मिळाली, दहाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंतची. एकाच पॅरिशच्या लोकांचा जवळजवळ नऊशे वर्षांचा सलग पुरावा ब्रिटनमध्ये फार क्वचित मिळतो. तळ्याजवळची जमीन ओलसर असल्यामुळे काही सॅक्सन लाकडी पेट्याही टिकल्या. कोरड्या मातीत लाकूड शतकभरात संपतं, पाण्याने भरलेल्या मातीत हवा पोचत नाही म्हणून कुजणं थांबतं. हाडांवरून सांधेदुखी, मोडून जुळलेली हाडं, दातांची दुरवस्था, लहान मुलांचे मृत्यू, सगळं अभ्यासलं गेलं. अभ्यास झाल्यावर हाडं संग्रहालयात दूर न नेता चर्चच्याच आत एका बंदिस्त अस्थिकक्षात ठेवली गेली. हा निर्णय मला फार योग्य वाटतो. गरज पडली तर पुन्हा तपासता येतात, आणि माणसं आपल्या गावातच राहिली.

आता अशा इमारती बिघडतात कशा, ते बघू. पहिलं कारण नेहमी पाणी, आणि पाण्याचं पहिलं कारण तुंबलेली पन्हळ. पानगळ संपल्यावर एकदा आणि वसंतात एकदा पन्हळी व उतरते नळ साफ केले तर निम्मी दुरुस्ती टळते. नळाच्या मागे भिंतीवर हिरवी उभी पट्टी दिसली की तो नळ मागच्या बाजूने फुटलेला आहे असं समजावं. शिशाच्या पत्र्याचा तुकडा फार मोठा घातला तर तो उन्हाने फुगतो, थंडीने आकसतो, आणि मोकळं हलायला जागा नसल्यामुळे चिरतो. म्हणून लहान तुकडे, मधोमध गुंडाळलेले सांधे. शिशाच्या चोऱ्या तर इतक्या वाढल्या की अनेक चर्च आता मुलामा दिलेल्या स्टेनलेस स्टीलचा पत्रा घालतात. दिसायला राखाडी, विकायला निरुपयोगी.

दुसरं कारण सिमेंट. विसाव्या शतकात असंख्य चर्चच्या दरजा सिमेंटने भरल्या गेल्या. चुना सच्छिद्र असतो, भिंतीतली ओल दरजेतून बाहेर पडते. सिमेंट ती वाट बंद करतं, मग ओल दगडातून निघू लागते. पाण्यात विरघळलेले क्षार दगडाच्या पृष्ठाखाली स्फटिक होऊन बसतात आणि पृष्ठ पापुद्र्यांनी सुटतं. काही दशकांत दगड आत जातो आणि सिमेंटची दरज जाळीसारखी पुढे उरते. दरज नेहमी दगडापेक्षा कमजोर हवी, झिजायचं तिने, कारण ती पुन्हा भरता येते.

योग्य पद्धत अशी. सैल मसाला हाताने, छिन्नीने काढायचा. चक्रीचं यंत्र लावलं की दगडाच्या कडा कापल्या जातात. खोली दरजेच्या रुंदीच्या दुप्पट, निदान २५ मिलिमीटर. काढलेल्या जुन्या मसाल्याचे नमुने पिशवीत, कुठल्या भिंतीचे आणि किती उंचीवरचे ते लिहून ठेवायचे, कारण दोन काळांच्या कामातला फरक कधीकधी मसाल्याच्या रंगात आणि वाळूतच असतो. मग दरज धुऊन ओली करायची, नाहीतर कोरडा दगड मसाल्यातलं पाणी शोषतो आणि मसाला भुकटी होतो. साधारण एक भाग चुना आणि अडीच ते तीन भाग खरखरीत, निरनिराळ्या जाडीच्या दाण्यांची वाळू. मसाला दगडाच्या काठावर पसरवायचा नाही, किंचित आत ठेवायचा. वर ओलं गोणपाट काही दिवस. पारा ५ अंशांच्या खाली जाणार असेल तर काम सुरूच करायचं नाही, कारण ओल्या चुन्यातलं पाणी गोठलं की तो आतून फुटतो.

तिसरं कारण चांगल्या हेतूने खणलेला चर. शतकानुशतकं दफनं होऊन आवाराची पातळी वाढते आणि बाहेरची माती आतल्या फरशीच्या वर येते, भिंत ओलावते. मग कुणीतरी भिंतीलगत खोल चर खणून त्यात खडी भरतो. पण मध्ययुगीन पाया बऱ्याचदा फार उथळ असतो, चर त्याच्या खाली गेला की भिंत सरकते. शिवाय भिंत आणि पाया यांच्या जोडीचा पुरावा, जो नेमका त्या दीड-दोन फुटांत असतो, कायमचा जातो. चालत्या चर्चमध्ये असल्या कामाला चर्चच्या स्वतःच्या न्यायव्यवस्थेची परवानगी लागते, आणि ती विलंब लावते अशी तक्रार नेहमी असते. मला तो विलंब हवासा वाटतो.

एकोणिसाव्या शतकात आतला जुना गिलावा सरसकट खरवडून दगड उघडा करायची लाट आली. त्याविरुद्ध विल्यम मॉरिसने १८७७ साली जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. त्याच्या आदल्या वर्षी ऑक्सफर्डशरमधल्या बरफर्डच्या पॅरिश चर्चचं काम पाहून तो अस्वस्थ झाला होता. संस्थेचं म्हणणं साधं होतं: मागे न्यायचं नाही, आहे ते टिकवायचं, आणि नवी दुरुस्ती नवी म्हणून ओळखता आली पाहिजे. इंग्लंडमधलं पुढचं संवर्धन बरंचसं याच विचारावर चालत आलं आहे.

बार्टनला जायचं असेल तर दुर्बीण घ्या आणि उजेडाचा हिशेब करून जा. मनोऱ्याच्या दक्षिण अंगावरच्या उभ्या पट्ट्या भर दुपारी सपाट दिसतात. सूर्य पूर्वेला किंवा पश्चिमेला असताना तिरपा उजेड भिंत घासत जातो आणि प्रत्येक पट्टीची सावली पडते. टप्प्यांमधल्या आडव्या कडा मात्र उन्हाळ्यातल्या दुपारीच चांगल्या कळतात. जूनमध्ये इथे माध्यान्हीचा सूर्य सुमारे ६० अंशांवर असतो आणि वरून सावली टाकतो. डिसेंबरमध्ये तो जेमतेम १३ अंशांवर येतो आणि आडव्या कडा विरून जातात. उत्तरेचं त्रिकोणी दार वर्षातला बराच काळ सावलीतच असतं. जूनमध्ये मात्र सकाळी आठपर्यंत सूर्य उत्तरेच्या बाजूला असतो, आणि तेव्हा त्या दारावरचे दोन तिरपे दगड आणि शेजारच्या डबराची दरज स्पष्ट दिसते.